हिऱ्याच्या कागदावरची अक्षरं आणि बोटातला हिरा

नाशिकहून एका ताईंनी विचारलं आहे. मुलाचा साखरपुडा ठरलाय. होणाऱ्या सुनेला पिवळ्या सोन्यात हिऱ्याची अंगठी आणि लग्नात सात खड्यांची कुडी द्यायची आहे. तीन दुकानं पालथी घालून झाली. पहिल्याने अर्ध्या कॅरटचा ‘व्हीव्हीएस-वन, ई’ दाखवला. दुसऱ्याने साधारण तेवढ्याच पैशात ०.६२ कॅरटचा ‘व्हीएस-टू, एच’ पुढे केला. तिसऱ्याने प्रयोगशाळेत वाढवलेला सव्वा कॅरटचा हिरा निम्म्याहून बऱ्याच कमी किमतीत देऊ केला. कुडीवाला म्हणतो, ‘सगळा माल ईएफ-व्हीव्हीएस, डोळे झाकून घ्या.’ ताईंनी पहिल्या दोन हिऱ्यांच्या सर्टिफिकेटांवरचे आकडेही लिहून पाठवलेत. ही अक्षरं वाचायची कशी, आणि घ्यायचं काय?

ताई, उत्तर लांब होईल, चहा घेऊन बसा. आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. मी सत्तावीस वर्षं हिरे निवडण्याचं काम करतोय. सुरुवात मुंबईत ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत झाली, आता बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये बसतो. एवढ्या वर्षांत ‘व्हीव्हीएस आहे ना?’ हा प्रश्न हजार वेळा ऐकला असेन. ‘कट कसा आहे?’ असं विचारणारं घरगुती गिऱ्हाईक बोटावर मोजण्याइतकं.

माझं लग्न झालं तेव्हा मला धंद्यात तीन वर्षं झाली होती आणि भिंगाखाली बारीकसा डाग सापडतो याचा भयंकर तोरा होता. बायकोच्या अंगठीसाठी ३२ सेंटचा व्हीव्हीएस-वन, ई रंगाचा हिरा निवडला. मालकाने ओळखीत दिला म्हणून परवडला. पहिल्याच हळदीकुंकवाला तिच्या मावसबहिणीच्या बोटात साधारण तेवढ्याच वजनाचा, जी रंगाचा, एसआय दर्जाचा हिरा होता. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘तुम्ही हिऱ्यातले ना? मग तिचा खडा हसतोय आणि माझा झोपलाय, असं का?’ दुसऱ्या दिवशी अंगठी ऑफिसात नेऊन मापं घेतली. खोली, म्हणजे हिऱ्याची उंची, व्यासाच्या ६६ टक्के. वजन वाचवण्यासाठी पोट, म्हणजे खालचा निमुळता भाग, मोठं ठेवलेला हिरा होता तो. मी त्याचे डाग तपासले होते, रंग तपासला होता, आणि हिऱ्याने करायचं मुख्य काम तो करतोय का, हे पाहायचं राहूनच गेलं होतं.

आता ती अक्षरं. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५३ मध्ये रंगाची डी ते झेड ही पट्टी आणि डागांची प्रतवारी बाजारात आणली. त्याआधी प्रत्येक व्यापाऱ्याचं आपलं आपलं ए, डबल ए, ट्रिपल ए चालायचं. त्या गोंधळाशी काही संबंध नको म्हणून यांनी सुरुवातच डी पासून केली. आपल्याकडचे जुने जवाहिरे हिऱ्याचं ‘पाणी’ बघायचे. त्यात रंग, स्वच्छपणा, तेज सगळं एकत्र यायचं. नव्या पद्धतीने त्याचे चार वेगळे कप्पे केले: वजन, रंग, शुद्धता आणि कट. यातल्या पहिल्या तिघांबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ते दुर्मीळपणा मोजतात. डी रंगाचा हिरा एच पेक्षा महाग असतो, कारण जमिनीतून तसे कमी निघतात. तो बोटात जास्त चमकेल अशी हमी त्या अक्षरात नाही.

रंग कसा ठरवतात हे पाहिलं तर हे पटेल. प्रयोगशाळेत हिरा पालथा, टोक वर करून ठेवतात आणि ठरावीक उजेडात, बाजूने, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून बघतात. पालथा अशासाठी, की सुलट ठेवला तर चमकेमुळे पिवळेपणा नजरेला कळतच नाही! डी, ई, एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन, के पासून पुढे पिवळसर झाक. डी आणि एफ मधला फरक कोंदणात बसलेल्या हिऱ्यात मीही नमुना शेजारी नसेल तर छातीठोकपणे सांगणार नाही. त्यातून तुम्ही अंगठी पिवळ्या सोन्यात करणार. सोन्याचा रंग हिऱ्यात उतरतोच. पिवळ्या सोन्यात एच, आय घ्यावा, जे सुद्धा चालून जातो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये असता तर जी-एच म्हटलं असतं. पिवळ्या सोन्यात ई रंगाला जादा पैसे मोजणं म्हणजे पैठणीच्या अस्तराला जरीकाम करणं.

शुद्धता दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. वरून खाली एकूण अकरा पायऱ्या: फ्लॉलेस (निर्दोष), आयएफ (आतून निर्दोष), मग व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय यांच्या दोन-दोन, शेवटी आय च्या तीन (रंगातला आय वेगळा). व्हीव्हीएस म्हणजे सरावलेल्या माणसालाही दहापट भिंगाखाली जो डाग शोधायला कष्ट पडतात, तो. नुसत्या डोळ्यांना व्हीएस सुद्धा स्वच्छच दिसतो. एसआय-वन बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो, एसआय-टू मध्ये बघून घ्यावं लागतं. म्हणजे व्हीएस-टू च्या वर तुम्ही जो पैसा भरता तो डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या गोष्टीचा. हौस असेल तर भरा, पण कशाचे भरतोय ते माहीत असू द्या. एसआय घेताना डाग कुठे आहे ते पाहा. मधल्या सपाट पैलूखाली काळा ठिपका असेल तर तो नको. आरशासारख्या पैलूंत त्याची सहा-सात प्रतिबिंबं पडतात आणि एकाचे सात डाग होतात. तोच ठिपका कडेला असेल तर कारागीर अंगठीच्या एका नखाखाली, म्हणजे खडा धरणाऱ्या पकडीखाली, अलगद झाकून टाकतो.

वजनात फसायला फारशी जागा नाही, पण गोंधळायला आहे. सोन्याचं कॅरट शुद्धता सांगतं, हिऱ्याचं कॅरट वजन. मराठीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे ‘१८ कॅरटचा हिरा’ मागणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना हसणारे सेल्समनही. त्यात हसण्यासारखं काही नाही. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. अर्ध्या कॅरटला ५० सेंट म्हणतात. दर कॅरटमागे असतो आणि वजन वाढलं की दरही वाढतो, म्हणून एक कॅरटचा एक हिरा हा अर्ध्या कॅरटच्या दोन हिऱ्यांपेक्षा बराच महाग पडतो. शिवाय ०.५०, ०.७०, १.०० अशा आकड्यांना भाव उडी मारतो. ०.४८ आणि ०.५० यांच्या व्यासात साधारण ०.०७ मिलिमीटरचा फरक असतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. पण भावाचा खाना बदललेला असतो. कारागिरालाही हे माहीत असतं. म्हणून ०.४६ चा सुबक हिरा होत असतानाही तो कंबर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतात ती कड, जाड ठेवून, पोट वाढवून ०.५० पर्यंत खेचतो.

इथूनच कटकडे येऊ. यावर मी जास्त बोलणार आहे.

कट म्हणजे गोल, चौकोनी, बदामी असा आकार नव्हे. पैलूंचे कोन, त्यांची प्रमाणं, त्यांचा एकमेकांशी मेळ म्हणजे कट. बाकी तिन्ही गोष्टी जमिनीने दिलेल्या, ही एकच माणसाच्या हातातली. वरून आलेला उजेड सपाट पैलूतून आत जातो, खालच्या उतारावर आपटतो, समोरच्या उतारावर जाऊन पुन्हा वळतो आणि वरून बाहेर येतो. कोन बरोबर असेल तर तो तुमच्या डोळ्यांत येतो. पोट उथळ असेल तर कमरेचं प्रतिबिंब मध्ये पांढऱ्या कड्यासारखं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. पोट खोल असेल तर उजेड खालून निसटतो आणि मधोमध काळपट गोल दिसतो, खिळ्याच्या डोक्यासारखा. १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्की या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या तरुण इंजिनिअरने गोल हिऱ्याचं हे गणित मांडलं: सपाट पैलू व्यासाच्या ५३ टक्के, वरचा कोन ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश. आज टेबल, म्हणजे तो वरचा सपाट पैलू, त्याहून थोडा मोठा ठेवतात, पण कोन अजूनही त्याच आसपास घुटमळतात.

तुम्ही नाशिकच्या म्हणून सांगतो. त्र्यंबकेश्वरच्या शिवमंदिराशी जोडलेला ‘नासक’ हिरा पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला. तेव्हा तो ९० कॅरटच्या आसपास होता. आपल्या कारागिरांची रीत वजन राखण्याची. दगडाचा मूळ आकार धरून पैलू पाडायचे, कारण मोठेपणालाच मान. इंग्लंडात गेल्यावर त्याला नवे पैलू पाडले गेले, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन पुन्हा घडवला, तेव्हा उरला ४३.३८ कॅरट. अर्ध्याहून जास्त दगड भुकटी होऊन गेला. कोहिनूरचंही तेच, १८५२ मध्ये १८६ कॅरटवरून १०५.६ वर आला. त्यांनी वेडेपणा केला की शहाणपणा, यावर आमच्याकडे अजून वाद रंगतात. मला स्वतःला जुन्या घाटाचा मंद, पाण्यासारखा हलणारा उजेड आवडतो. पण वजन टाकल्याशिवाय आजच्यासारखी लखलख मिळत नाही. आज सुरतेतला प्रत्येक कारागीर यंत्रावर रफ, म्हणजे न घडवलेला हिरा, ठेवून हाच सौदा करत असतो: वजन राखू की तेज?

आता तुमचे आकडे. पहिला हिरा, व्हीव्हीएस-वन, ई: ०.५० कॅरट, व्यास ४.९६ मिलिमीटर, खोली ६४.३ टक्के, टेबल ६०, वरचा कोन ३६, खालचा ४२ अंश, कंबर जाड, कट ‘गुड’. दुसरा, व्हीएस-टू, एच: ०.६२ कॅरट, व्यास ५.५० मिलिमीटर, खोली ६१.४ टक्के, टेबल ५७, कोन ३४.५ आणि ४०.८, कट ‘एक्सलंट’.

‘गुड’ या शब्दावर जाऊ नका. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशी ती शिडी आहे. गुड म्हणजे शाळेतला ‘बरा’. या हिऱ्यात साडेचार-पाच सेंट वजन कंबर आणि पोट यांत दडलंय. वरून तो नीट घडवलेल्या ०.४५ च्या हिऱ्याएवढाच दिसतो, आणि ४२ अंशांच्या पोटामुळे मधून काळवंडणार. दुसऱ्याचं वरून दिसणारं क्षेत्रफळ जवळजवळ सव्वापट आहे आणि कोन पाठ्यपुस्तकातले आहेत. न बघता सांगतो, दुसरा घ्या. पण तुम्ही मात्र बघूनच घ्या. माझ्या बायकोची अंगठी म्हणजे तुमचा पहिला हिरा, हे एव्हाना लक्षात आलं असेलच.

बघायचा कसा? दुकानात छतावर जे बारीक प्रखर दिवे असतात त्यांच्याखाली काचसुद्धा नाचते. हिरा घेऊन दुकानाच्या दाराशी किंवा खिडकीशी या. थेट उन्हात नको, सावलीत. पूर्वी हिरे निवडणाऱ्यांची टेबलं उत्तरेच्या खिडकीशी असायची, कारण तिकडून ऊन येत नाही, सारखा उजेड येतो. हातावर थोडी सावली धरा आणि हिरा हळू हलवा. चांगला हिरा सावलीतही जिवंत राहतो, वाईट हिरा लगेच विझतो. दोन्ही हिरे शेजारी ठेवून घरच्या दोघा-तिघांना अक्षरं न सांगता विचारा, कुठला आवडतो. बहुतेक सगळे एकाच हिऱ्याकडे बोट करतील. ‘हिरा लाभतो का बघू’ म्हणून तीन रात्री उशाखाली ठेवायला मागणारी गिऱ्हाइकंही असतात. लाभतो की नाही ते शुक्राला माहीत, पण ओळखीचा सराफ देत असेल तर जरूर आणा. तीन दिवस हिरा घरच्या ट्यूबलाइटखाली, गच्चीवर, देवघरातल्या समईपाशी बघायला मिळतो. दुकानात त्याची ही बाजू दिसत नाही.

कागदाबद्दल थोडं. अक्षराची किंमत ते कुणी दिलं यावर आहे. सुटा हिरा असेल तर जीआयए, आयजीआय, एचआरडी अशा दुकानाबाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. दुकानाच्या लेटरहेडवरचं ‘प्रमाणपत्र’ म्हणजे मालाचं वर्णन, तपासणी नव्हे. प्रयोगशाळांतही माणसंच बसतात, आणि दोन प्रतींच्या सीमेवरचा हिरा एकीकडे जी तर दुसरीकडे एच होऊ शकतो. काही ठिकाणी हात सैल असतो. म्हणून ‘त्यांच्याकडे जी याच भावात मिळतो’ असं कुणी म्हणालं तर जी कुणाचा, हे आधी विचारा. अशा हिऱ्याच्या कमरेवर बहुधा लेझरने अहवाल क्रमांक कोरलेला असतो. भिंगातून तो दाखवायला सांगा आणि तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून वजन-मापं जुळतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. कंबर ‘एक्स्ट्रीमली थिन’ लिहिली असेल तर अंगठीला तो हिरा घेऊ नये. खरा हिरा ऐरणीवर घणाखाली टिकतो ही आपली समजूत सुंदर आहे, पण चुकीची. हिऱ्याला ओरखडा हिऱ्याशिवाय कशाने पडत नाही, फुटायला मात्र तो ठरावीक दिशांनी झटकन फुटतो. पातळ कमरेचा हिरा ओट्यावर आपटला तर टवका उडतो.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत शेरे असतात, ते कुणी वाचत नाही. ‘शुद्धतेची प्रत न दाखवलेल्या क्लाउड्सवर (बारीक ठिपक्यांच्या ढगांवर) आधारलेली आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य एसआय च्या हिऱ्यावर दिसलं, तर तो हिरा दुधाळ असू शकतो, खिडकीशी नेऊन खात्री करा. आमच्या बाजारात सौदा करताना ‘नो बीजीएम’ अशी अट घालतात: ब्राउन झाक नको, ग्रीन नको, मिल्की नको. रंगाचं अक्षर चांगलं असूनही या तिन्हींपैकी काही असू शकतं, आणि अहवालात ते ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. तुम्ही सराफाला सरळ विचारा, ‘बीजीएम आहे का?’ समोरचा सावरून बसेल. फ्लुओरेसन्सचं उगाच भय घालतात. अतिनील प्रकाशात काही हिरे निळे उजळतात. नोटा तपासायच्या मशिनखाली धरला तर दिसतं. त्यावरून खरा-खोटा ठरत नाही. फेंट, मीडियम असेल तर विसरून जा. स्ट्राँग असेल आणि हिरा उन्हात धुरकट दिसत नसेल, तर एच-आय रंगात तो उलट किंचित पांढरा भासतो आणि स्वस्तही मिळतो.

कुडीचं गणित वेगळं आहे. दोन कानांचे मिळून चौदा खडे, सहा सेंटचा एक धरला तर एकूण ०.८४ कॅरट. हा आकडा ऐकून ‘पाऊण कॅरटच्या वर’ असं मनात घेऊ नका. सहा सेंटच्या हिऱ्याचा कॅरटमागे दर मोठ्या एकट्या हिऱ्याच्या तुलनेत कितीतरी कमी असतो. एवढे छोटे हिरे एकेक करून कुणी तपासत नाही. चाळणीने आकार लावतात आणि पार्सलचा पार्सल निवडला जातो. ‘ईएफ-व्हीव्हीएस’ हे त्या पार्सलचं नाव, चौदाही खड्यांची ती जन्मपत्रिका नव्हे. तयार दागिन्याच्या अहवालातही रंग-शुद्धता ‘जी-एच, व्हीएस-एसआय’ अशा पट्ट्यात देतात आणि कोंदणात बसलेल्या हिऱ्याचं वजन बहुधा अंदाजाने मांडलेलं असतं, कारण तो काढल्याशिवाय तोलता येत नाही. अडीच मिलिमीटरच्या खड्याला व्हीव्हीएस घेऊन करायचं काय? व्हीएस-एसआय, जी-एच घ्या आणि दोनच गोष्टी बघा. एक, चौदाही खडे एकसारखे दिसतात का. एखादा पिवळट किंवा मेलेला असेल तर फुलाचा तोल जातो. दुसरी, मागून कोंदण उघडं आहे का. बंद असेल तर मागे मळ साचतो, धुता येत नाही आणि सहा महिन्यांत खडे आंधळे होतात. पोलकीच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सपाट हिऱ्यांच्या, तन्मणीची गोष्ट निराळी. तिथे मागे चांदीचा वर्ख घालून मुद्दाम बंद करतात, आणि तिला ही अक्षरं लागूच पडत नाहीत.

छोट्या मालात आणखी एक काळजी. प्रयोगशाळेत वाढवलेले बारीक हिरे खाणीतल्या मालात मिसळले जाण्याचे प्रकार झालेत, आणि ते भिंगाने ओळखू येत नाहीत. दुकानातला पेनासारखा टेस्टर उष्णता किती झपाट्याने वाहते ते बघतो. तो दोघांनाही ‘हिरा’च म्हणतो, कारण दोन्ही हिरेच आहेत. मॉइसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालाही, तो बऱ्याचदा पास करतो. म्हणून कुडीच्या अहवालावर आणि बिलावरही ‘नैसर्गिक’ हा शब्द मागून घ्या.

तिसऱ्या दुकानाकडे वळू. लॅबमधला हिरा खोटा नाही. तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. दाब-तापमानाच्या यंत्रात किंवा वायूपासून थरावर थर चढवत वाढवलेला, इतकंच. सूरत आज त्याचं मोठं केंद्र आहे. पण त्याच्या कागदावर ‘डी, व्हीव्हीएस’ वाचून हुरळू नका. कारखान्यात डी रंग दुर्मीळ नसतो, मग दुर्मीळपणाचं माप तिथे लावायचं कशाला? जीआयएने हाच विचार करून ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना ही अक्षरं देणं थांबवलं आणि ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ अशा दोनच प्रती ठेवल्या. कट मात्र तिथेही तितकाच महत्त्वाचा. सुनेला मोठा, झगमगीत खडा आवडत असेल आणि तो मोडीत काय भावाने जाईल याची फिकीर नसेल तर खुशाल घ्या. सव्वा कॅरटचा म्हणजे जवळपास सात मिलिमीटरचा खडा, बोटभर दिसतो. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळलेत आणि परत घ्यायला फारसं कुणी तयार नसतं. आणि खाणीतला की लॅबमधला, हे मुलीला आधीच सांगून टाका. नंतर कुठल्यातरी सराफाकडून कळलं तर हिरा राहतो बाजूला.

बिलावर या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरट, हिऱ्यांची संख्या, वजन, रंग, शुद्धता आणि कॅरटमागे दर, घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी. हिऱ्यासकट वजनाला सोन्याचा भाव लावला जात नाही ना ते बघा. ०.८४ कॅरट म्हणजे १६८ मिलिग्रॅम. आजच्या सोन्याच्या भावात ते काही किरकोळ नाही. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक सोन्याच्या शुद्धतेपुरता, हिऱ्याबद्दल तो काहीच बोलत नाही. ‘हॉलमार्क आहे म्हणजे हिराही गॅरंटीचा’ हे वाक्य ऐकलंत तर त्या माणसाकडून बाकीचं ऐकायची गरज नाही. परत घेण्याची अट तोंडी नको. रोख किती टक्के, बदलून किती टक्के, आणि ते कशावर, बिलाच्या रकमेवर की त्या दिवशीच्या दरावर, हे लिहून घ्या. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत असंच धरून चाला. हिऱ्याला गुंतवणूक म्हणणाऱ्याला विचारा, उद्या हाच परत आणला तर काय द्याल? आमच्या बाजारात रॅपापोर्टची दरयादी चालते, आणि तिच्याखाली अमुक टक्के, अशी बोली होते. घरगुती गिऱ्हाइकाला त्या भावात विकत मिळत नाही आणि विकताही येत नाही.

तर ताई, माझा कौल असा. अंगठीला ०.६२ चा एच, व्हीएस-टू, खिडकीशी बघून. जमलं तर त्याच घाटाचा एसआय-वन ही मागवून शेजारी ठेवा, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसले तर तेवढे पैसे वाचतील. अंगठी १८ कॅरटमध्ये करा. चार नखांऐवजी सहा नखं घ्या, रोज वापरणार असेल तर एक नख झिजलं तरी खडा जागेवर राहतो. कणीक मळताना अंगठी काढायची सवय सुनेला लागेल न लागेल, पण खालच्या बाजूला तेल-पीठ बसलं की महागातला हिराही मेणचट दिसतो. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश. धुताना बेसिनवर नको, ताटात.

आणि कुडी घेताना फिरकीचे आटे स्वतः फिरवून बघा, दोन्ही कानांच्या. ढिली वाटली तर तिथल्या तिथे बदलून घ्या, ‘नंतर आणून द्या’ वर जाऊ नका. माझ्याकडे हरवलेल्या कुडीची जोड करून मागायला जेवढ्या बायका आल्यात, त्यातल्या बहुतेकींची फिरकीच गेली होती.